हँडल कोणाच्या मापाचे?

आमच्या निघोजेतील दवाखान्याचे घड्याळ कारखान्यांच्या पाळ्यांवर चालते. पहिली पाळी सुटली की दुपारी चारच्या सुमारास दारासमोर दुचाकींची रांग लागते आणि बाकावर गणवेशातील मंडळी येऊन बसतात. गेल्या वर्षी उन्हाळ्यात अशाच एका दुपारी एक तरुण जोडपे आत आले. तो तिशीतला, सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात जुळणी विभागातील कंत्राटी कामगार. ती घरी शिवणकाम करणारी. खुर्चीवर तो बसला, पण बोलायला सुरुवात तिने केली. "मॅडम, यांच्या हातून आज दुसऱ्यांदा चहाचा कप सुटला. हे स्वतःहून सांगणार नाहीत, म्हणून मीच घेऊन आले."

तो ओशाळून हसला. मीही मनातून ओशाळले, कारण मागील तीन महिन्यांत तो दोनदा माझ्याकडे येऊन गेला होता. "हाताला मुंग्या येतात," एवढेच त्याचे म्हणणे होते. दोन्ही वेळा बाहेर गर्दी होती आणि दोन्ही वेळा मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. नेमक्या कोणत्या बोटांना मुंग्या येतात, हे मी विचारले नव्हते. तो कामावर कसा जातो, हेही विचारले नव्हते.

या वेळी विचारले. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिकेचा करंगळीकडील अर्धा भाग बधिर होता. डाव्या हातालाही तेच, पण कमी. एका कागदाची कड अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरायला सांगून मी तो कागद ओढला. धरून ठेवण्यासाठी त्याला अंगठ्याचे पेर वाकवावे लागले. बोट सरळ ठेवून त्याला कागद धरता येईना. फ्रेंच वैद्य जूल्स फ्रोमां यांनी ही साधी परीक्षा १९१५ मध्ये सांगितली होती आणि आजही तिच्यासाठी कागदाच्या एका कपट्याखेरीज काही लागत नाही. मग मी त्याचा हात उजेडात धरला. अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये, हाताच्या पाठीवर, जिथे मांसल उंचवटा असायला हवा, तिथे किंचित खळगा पडला होता. स्नायू झिजू लागल्याची ती खूण होती. हाताने काम करून पोट भरणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही खूण दिसली की वैद्याने घड्याळाकडे पाहणे सोडावे.

"कामावर कसे जाता?" मी विचारले.

"बुलेटवर. वडिलांची आहे," तो म्हणाला. त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. नारायणगावच्या घरी उभी असलेली त्यांची गाडी त्याने दुरुस्त करून इकडे आणली. रोज चाकणच्या कोंडीतून कारखान्यात जाणे-येणे आणि दर शनिवारी रात्री नाशिक महामार्गाने आईकडे नारायणगावला. गाडी नवी करताना गॅरेजवाल्याच्या आग्रहाने त्याने मूळ हँडल काढून चपटे, सरळ नळीचे, बुटके हँडल बसवून घेतले होते. दिसायला ऐटदार. मुंग्या कधीपासून, असे विचारल्यावर त्याने बोटांवर महिने मोजले आणि तो स्वतःच थबकला.

आज मी या हँडलविषयी लिहिणार आहे. आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु या पट्ट्यातील हजारो कुटुंबांचा कर्ता माणूस दिवसातील तास-दोन तास त्या नळीला धरून असतो. मी येथे दवाखाना उघडला तेव्हा माझ्याकडे कांदा काढताना विळा लागलेली बोटे आणि ओझ्याने धरलेल्या कमरा येत असत. पुढे चाकणची औद्योगिक वसाहत पसरत गेली, २०१० मध्ये निघोजेच्याच शिवारात महिंद्राचा कारखाना सुरू झाला, शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. आता माझ्याकडे मनगटे येतात, कोपरे येतात, माना येतात. शिवाय जुन्या घाटाच्या मोटारसायकलींची आवड पुन्हा बहरली आहे. बुलेट हे नाव १९३२ पासून चालत आले आहे. जावा २०१८ मध्ये परतली. ट्रायम्फची स्पीड ४०० ही तर आपल्या चाकणमध्येच बजाजच्या कारखान्यात तयार होते. या गाड्या घेणारे हौशी असतात आणि हौसेतील पहिला बदल बहुधा हँडलचाच असतो.

आता थोडे शरीराकडे वळू. तळहाताला संवेदना आणि बोटांच्या बारीक स्नायूंना बळ देणारे दोन मज्जातंतू, म्हणजे बोलीभाषेतील नसा, मनगटातून पुढे जातात. पहिली मधली नस. ती मनगटाच्या मध्यभागी हाडे आणि एक जाड पट्टा यांनी बनलेल्या अरुंद बोगद्यातून जाते व अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळते. मनगट मागे किंवा पुढे वाकवले की या बोगद्यातील दाब वाढतो आणि ते सरळ ठेवले की कमी होतो. दुसरी करंगळीकडची नस. कोपर आपटल्यावर जिच्या झिणझिण्या करंगळीपर्यंत जातात, तीच ही. तळहाताच्या टाचेजवळ, करंगळीच्या बाजूला, ती एका लहानशा मार्गिकेतून जाते. फ्रेंच शल्यचिकित्सक फेलिक्स ग्यूयाँ यांनी १८६१ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला ग्यूयाँची मार्गिका म्हणतात. येथे नसेवर मांसाचे फारसे संरक्षण नसते. सायकलवर लांबचा प्रवास करणाऱ्यांमध्ये नेमका येथेच दाब पडून बोटे बधिर होतात, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

बुटक्या, दूर असलेल्या हँडलवर स्वार पुढे झुकतो. धडाचा भार पोट आणि पाठ यांच्या स्नायूंनी पेलायचा, तो हातांवर येतो आणि तळहाताच्या टाचेतून मुठीत उतरतो. त्यात जुन्या पद्धतीच्या एकाच सिलिंडरच्या इंजिनाची थरथर मिळते. (नव्या बुलेट-क्लासिकच्या इंजिनात थरथर कमी करणारा संतुलक दांडा असतो, आमच्या रुग्णाच्या वडिलांच्या गाडीत तो नव्हता.) आणि आमच्या रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. कारखान्यात तो आठ तास हवेवर चालणाऱ्या गनने नट आवळत असे. म्हणजे त्याच हाताला दिवसभर कंप आणि सकाळ-संध्याकाळ कंप. हवेवर चालणारी हत्यारे हाताला काय करतात, याचा अभ्यास अमेरिकेतील डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्येच, इंडियाना राज्यातील बेडफर्डच्या दगड घडवणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरी पडताना पाहून, जगापुढे मांडला होता. गोष्ट जुनी आहे. आपण ती विसरतो, एवढेच.

त्या दिवशी मी त्याला रक्ताच्या तपासण्या आणि नसांच्या वहनाची तपासणी लिहून दिली. "ते हँडल आधी बदला," असेही सांगितले. येथे माझी दुसरी चूक झाली.

तीन आठवड्यांनी तो आला तो चेहरा उजळून. करंगळीच्या मुंग्या कमी होत्या. पण आता मान आणि दोन्ही खांदे दुखत होते आणि रात्री हात जड होत होते. मी बाहेर येऊन गाडी पाहिली. त्याने बुटके हँडल काढून त्याजागी उंचच उंच, शिंगांसारखे हँडल बसवले होते. मुठी जवळजवळ खांद्यांच्या पातळीला होत्या. कोणीतरी त्याला सांगितले होते की उंच हँडल म्हणजे आराम. हात इतके वर धरून चालवताना खांद्यांचे स्नायू सतत आवळलेले राहतात, हात हृदयापेक्षा फारसे खाली नसल्याने ते लवकर जड होतात, आणि महामार्गावरचा वारा सरळ छातीवर घेत मुठींना लोंबकळावे लागते. एक दुखणे जाऊन दुसरे आले होते आणि खिशातून दोन हँडलांचे पैसे गेले होते.

त्याचा दोष नव्हता. मी औषधाचे नाव सांगितले होते, मात्रा सांगितली नव्हती. हँडललाही मात्रा असते. किती वर, किती मागे, किती रुंद आणि कोणत्या कोनात, ही चार मापे ज्याच्या त्याच्या शरीराप्रमाणे ठरतात. दुसऱ्याच्या गाडीवर आरामशीर वाटलेले हँडल आपल्याला आरामशीर असेलच असे नाही, जसा दुसऱ्याचा चष्मा आपल्याला लागू पडत नाही.

मग आम्ही दवाखान्याच्या अंगणातच माप घेतले. तेच येथे क्रमाने सांगते, कारण ते कोणालाही घरी करता येते. गाडी डबल स्टँडवर सपाट जागी उभी करा. स्टँड नसेल तर दोघांनी धरून ठेवावी. रोज जेथे बसता तेथेच बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा, पाठ ताठ पण ओढलेली नको, खांदे सैल सोडा. आता डोळे मिटा आणि हात मुठीकडे न्यायचा प्रयत्न न करता नुसते पुढे करा, कोपरे किंचित वाकलेली राहू द्या. ज्या जागी हात सहज थांबतात, ती मुठींची जागा. घरातील दुसऱ्या माणसाने शिवणकामाच्या टेपने तेथून सध्याच्या मुठीपर्यंतचे अंतर मोजावे: वर-खाली किती आणि पुढे-मागे किती. आमच्या रुग्णाच्या पत्नीने हे माप इतक्या सफाईने घेतले की मला काही सांगावे लागले नाही. बुटक्या हँडलच्या मानाने मुठी सुमारे पाच सेंटीमीटर वर आणि सहा सेंटीमीटर मागे यायला हव्या होत्या. उंच हँडल त्यांना त्याच्या कितीतरी पुढे घेऊन गेले होते. साधारणपणे दोन-तीन सेंटीमीटरांचा फरकही शरीराला जाणवतो, हे ध्यानात ठेवावे.

कोनासाठी स्वयंपाकघरातील दोन लाटणी घ्या. प्रत्येक मुठीत एक धरा, डोळे मिटून हात पुढे करा आणि मग डोळे उघडून पाहा. लाटणी एका सरळ रेषेत नसतात. त्यांची बाहेरची टोके किंचित मागे, आपल्या शरीराकडे, आणि किंचित खाली कललेली असतात. हाताची निसर्गदत्त ठेवण तशीच आहे. म्हणून अगदी सरळ नळीच्या हँडलवर मनगट बाजूला वाकते आणि मागे फार वळवलेल्या हँडलवर ते उलट बाजूला वाकते. आपल्या लाटण्यांच्या कोनाशी जवळचा कोन असलेले हँडल आपले. रुंदी खांद्यांपेक्षा थोडी अधिक असावी. फार रुंद असेल तर कोपरे बाहेर फेकली जातात आणि कोंडीत गाडी काढणेही अवघड होते.

आम्ही हे करत असताना बाकावर बसलेले गावातील एक वयोवृद्ध शेतकरी लक्षपूर्वक पाहत होते. ते म्हणाले, "मॅडम, रुमणंबी असंच बेतायचं की. सुतार म्हणायचा, आधी नांगऱ्याला उभा करा." नांगराचे रुमणे बुटके असेल तर दिवसाअखेर कंबर मोडते आणि उंच असेल तर फाळावर दाब येत नाही. गावच्या सुताराला जे कळत होते, ते आम्हाला पुन्हा शिकावे लागते आहे.

आता महत्त्वाचे: नवे हँडल विकत घेण्याआधी जुन्याच हँडलवर एक आठवडा प्रयोग करावा. क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल थोडे पुढे-मागे फिरवता येते. क्लच आणि ब्रेकचे लिव्हरही फिरवता येतात. बोटे लिव्हरवर ठेवली असता हाताची पाठ आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत यावा. पुष्कळांचे लिव्हर वर उचललेले असतात आणि त्यामुळे दर वेळी मनगट मागे मोडते. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात पाऊण तास अडकलेला माणूस किती वेळा क्लच दाबतो, याचा हिशेब करून पाहा. क्लचची केबल जुनी, कोरडी झाली असेल तर ती बदलण्यानेच निम्मे काम होते. मुठींच्या टोकांना लावलेली वजने शोभेची नसतात. ती थरथर शोषतात, म्हणून ती काढून टाकू नयेत. रबरी मुठी फार जाडही नकोत, कारण लहान पंजाच्या माणसाला त्या अधिक आवळून धराव्या लागतात. एवढ्याने भागले तर खर्चच नाही. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांचे एवढ्यावर भागते.

हँडल बदलायचेच असेल तर यंत्राच्या बाजूने काही गोष्टी पाहाव्या लागतात. मी वैद्य आहे, मेकॅनिक नव्हे, परंतु अपघातात मोडलेली मनगटेही माझ्याकडेच येतात. क्लॅम्पजवळील नळीचा व्यास व्हर्नियरने मोजून घ्यावा. या परिसरात घरोघरी तो वापरता येणारा माणूस सापडतो. बऱ्याच गाड्यांत तो २२ मिलिमीटर असतो, काहींत २८.६. बारीक नळी पत्र्याची पट्टी घालून घट्ट करणे हा जिवाशी खेळ आहे. जुने हँडल गॅसवर तापवून वाकवून घेणे त्याहून वाईट, कारण तापवलेली नळी नंतर केव्हा दगा देईल ते सांगता येत नाही. हँडल उंच केले की क्लच व ॲक्सिलरेटरच्या केबल, ब्रेकचा पाइप आणि तारा ताणल्या जातात. म्हणून बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे: काही ताणले जात नाही ना, मूठ किंवा बोट टाकीला लागत नाही ना. इंजिन चालू ठेवून, गिअर न टाकता, हेच पुन्हा करावे. हँडल वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल आखूड पडते आहे, ती गाडी रस्त्यावर नेऊ नये. ब्रेकचा पाइप बदलावा लागला तर ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे आणि आठवड्याने सर्व बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसा निर्वाळा दिला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपयांचा दंड वा कारावासाची तरतूद केली. म्हणून शक्यतो त्याच कंपनीने त्याच गाडीसाठी दिलेल्या हँडलांतून निवड करावी, पावती जपून ठेवावी, शंका असल्यास परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला कळवावे.

आमच्या रुग्णाच्या मापाला सर्वांत जवळचे कोणते हँडल निघाले असेल? मूळ बुलेटचेच. वडिलांचे हँडल नारायणगावच्या घरी माळ्यावर होते. ते त्याने आणले, तेव्हा त्याला स्वाभाविकच भरून आले होते. पण कधीकाळच्या पडझडीत ते एका बाजूने किंचित वाकले होते आणि क्लॅम्पच्या जागी गंज खाली उतरला होता. ते पुन्हा बसवू नका, असे मी त्याला निक्षून सांगितले. त्याच घाटाचे नवे हँडल त्याने आणले, क्लॅम्पमध्ये थोडे फिरवून आपल्या मापाला बसवले आणि लिव्हर खाली घेतले. उंच आणि बुटके अशी दोन्ही हँडले भंगारात गेली.

तथापि केवळ हँडलने तो बरा झाला, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारखान्यातील गन हा अर्धा आजार होता. मी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे चिठ्ठी देऊ केली, तेव्हा तो गप्प झाला. कंत्राटी माणसाने दुखणे सांगितले की पुढच्या महिन्यात नाव राहील की नाही, ही भीती त्याच्या गप्प राहण्यात होती. तीन महिने त्याने दुखणे अंगावर काढले, ते याच भीतीपोटी. त्याच्या पत्नीने चिठ्ठी हातातून घेतली आणि म्हणाली, "हातच गेला तर नाव राहून काय करायचे?" चिठ्ठी पोहोचली. काही आठवडे त्याला तपासणीच्या टेबलावर बसवण्यात आले. सगळ्यांच्या वाट्याला असे सुदैव येते, असा माझा दावा नाही. परंतु न सांगितलेले दुखणे कोणीच हलके करू शकत नाही.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. हाताची प्रत्येक बधिरता हँडलमुळे नसते, आणि म्हणून आधी निदान, मग पाना. मुंग्या अंगठा, तर्जनी, मध्यमा यांत असतील आणि रात्री हात झटकावासा वाटत असेल तर दाब मनगटाच्या मधल्या बोगद्यात असण्याचा संभव अधिक. तो मधुमेह, थायरॉइडची कमतरता व गर्भारपण यांतही आढळतो. करंगळीबरोबर हाताच्या पाठीवरही त्याच बाजूला बधिरता असेल तर दाब बहुधा कोपराशी असतो. ती नसेल तर मनगटाशी. मान वळवताना कळ हातात उतरत असेल तर मानेचे मणके पाहावे लागतात. दोन्ही पायांच्या तळव्यांनाही मुंग्या असतील तर साखर आणि बी-१२ तपासावे. तपासणीत कमतरता दिसली तरच बी-१२ द्यावे. मी केले तसे, तपासल्यावाचून गोळ्या देत राहिल्याने केवळ वेळ जातो, आणि नसेच्या दुखण्यात वेळ हीच सर्वांत महाग वस्तू आहे. दबलेल्या जागी जोरजोराने तेल चोळणेही टाळावे.

पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र वाट पाहू नये: बधिरता विश्रांतीनंतरही दिवसभर राहणे, वस्तू हातून सुटणे, शर्टाचे बटण लावता न येणे, किल्ली फिरवताना चिमटीत बळ नसणे, आणि अंगठा-तर्जनीमध्ये किंवा अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडणे. नसेचा तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा, म्हणजे उशीर किती महागात पडतो ते कळेल.

आज त्याला वर्ष होत आले. करंगळीची संवेदना जवळजवळ परतली आहे, कागद तो आता बोट सरळ ठेवून धरतो, कप सुटत नाहीत. तर्जनीजवळचा खळगा मात्र पूर्ण भरलेला नाही आणि बहुधा भरणारही नाही. दोनदा तो माझ्यासमोर बसला होता आणि दोन्ही वेळा मी बोटांची नावे विचारली नाहीत, त्याची ती खूण आहे. तेव्हापासून हाताच्या तक्रारीसाठी येणाऱ्याला मी एक प्रश्न आवर्जून विचारते, "कशावरून आलात?" आणि जमल्यास दोन मिनिटे बाहेर जाऊन त्याला त्याच्या गाडीवर बसलेला पाहते.

वाचकहो, या रविवारी एवढे करा. घरातील जो कोणी दुचाकी चालवतो, मग ती बुलेट असो, मोपेड असो की सायकल, त्याला अंगणात गाडीवर बसवा. दोन लाटणी आणि एक टेप घ्या. मनगट सरळ आहे का, कोपर किंचित वाकलेले आहे का, खांदे कानांकडे उचललेले तर नाहीत ना, ते पाहा. शेवटी त्याला दोन्ही हात मुठींवरून इंचभर उचलायला सांगा. धड पुढे कोसळू लागले तर समजा की तो माणूस गाडीवर बसलेला नाही, हातांवर टेकलेला आहे. मग हँडल शोधायला निघण्याआधी पाना हाती घ्या, आणि पाना हाती घेण्याआधी कोणत्या बोटांना मुंग्या येतात ते विचारा.